जत्रेच्या रात्रीची नोंद

"आधी म्हणालीस नवरा घरी होता. आता म्हणतेस आमच्या लॉकअपमध्ये होता." भाईदास हवालदारांनी वकिलाच्या कागदावरून नजर उचलली. "एका रात्रीत माणूस दोन ठिकाणी कसा गं, बाई?"

शेवंतानं पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली.

"अब्रू झाकायला म्हटलं होतं, दादा. जुगारात धरला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?"

हवालदार हसले. "बायका भल्या. नवरा फासावर जाईल, पण जुगारी म्हणवून घेणार नाहीत." मग पोरीकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "कोर्टाची तारीख कधीची?"

"गुरुवारची."

आज मंगळवार होता.

धुळ्याकडची ही माणसं दोन वर्षांपूर्वी केळी भरायच्या कामाला सावद्यात आली होती. माघातल्या एका सकाळी तिथल्या एका वखारीचा रखवालदार डोकं फुटून मेलेला सापडला. आदल्याच दिवशी त्याची आणि शेवंताच्या नवऱ्याची, कौतिकची, सगळ्या हमालांदेखत जुंपली होती. पोलिसांनी कौतिकला उचललं. नऊ महिने झाले, तो जळगावच्या तुरुंगात होता. शेवंता भेटेल त्याला सांगत राहिली, की ते रात्रभर घरीच होते. ऐकणारा मान हलवायचा आणि म्हणायचा, बायको दुसरं काय सांगणार?

मग आठ दिवसांपूर्वी छगन दारात आला. कौतिकचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्याच टोळीतला हमाल. कौतिकला नेल्यापासून त्यानं तोंड दाखवलं नव्हतं. आतही आला नाही. पितळी डबी उघडत, मिटत उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, त्या राती आपला गावनी जत्रामा जुगारवर धाड पडनी व्हती. तठला ठाणाना रजिस्टरमा कौतिकनं नाव शे. रातभर लॉकअपमा, असं लिखेल शे. मन्हं नाव मातर कोठे लेऊ नका."

चुलीवरची भाकरी करपली तरी शेवंताला वास आला नाही. मग तिनं एवढंच विचारलं, "कोनतं ठाणं?"

त्या ठाण्यात आता भाईदास हवालदार माघ महिन्याचं अटकेचं रजिस्टर पानापानानं बघत होते. जत्रेच्या तारखेला एक दारूवाला आणि एक सायकलचोर. कौतिक नव्हता. पान उलटं-सुलटं करून झालं.

"नाही बाई."

शेवंता तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. पोर रडायला लागली. हवालदारांनी कॅन्टीनमधून कपभर दूध मागवलं, स्वतः फुंकर मारून निववलं. पोर दूध प्यायली, आणि त्यांनी एकदम कपाळावर हात मारला.

"अरे, जत्रेच्या धाडी आम्ही वेगळ्या वहीत धरतो! माणसं पन्नास-पन्नास असतात, मुख्य रजिस्टर भरून जातं."

कपाटावरून धुळीनं माखलेली वही निघाली. त्यांचं बोट खाली खाली येत एका ओळीवर थांबलं.

"कौतिक हिलाल. वय पंचवीस. हमाली, सावदा. रात्री नऊला आत, सकाळी आठला कोर्टात रवाना, दंड भरून सुटका. अंगझडतीत रुमाल एक, तंबाखूची पितळी डबी एक." त्यांनी वर पाहिलं. "तुझ्याच नवऱ्याची ना?"

शेवंतानं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

"त्यांचीच, दादा."

तिनं हवालदारांच्या पायावर डोकं ठेवलं. ते मागे सरले. "अगं, मी काय केलं? लिहिलेलं होतं ते वाचलं."

बुधवारी तुरुंगाच्या जाळीपलीकडे कौतिक उभा होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले.

"वही सापडली," शेवंता म्हणाली. "तुमचं नाव आहे तिच्यात."

जाळीला लावलेली पोरीची बोटं त्यानं पलीकडून चाचपली.

"लोकं जुगारी म्हणतीन," तो म्हणाला.

"म्हणू द्या. जित्त्या माणसाला म्हणतात."

गुरुवारी भाईदास हवालदार वही काखेत मारून स्वतः एस.टी.नं आले. न्यायाधीशांनी ती ओळ दोनदा वाचली. त्या ठाण्यापासून सावदा सव्वाशे किलोमीटर. कौतिक सुटला. शेवंतानं सावद्याहून आणलेली केळ्यांची फणी हवालदारांच्या पिशवीत बळेच कोंबली. "देवमाणूस आहात, दादा," ती म्हणाली.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली छगन उभा होता. कौतिकनं त्याला मिठी मारली. हातातली डबी उघडून छगननं कौतिकपुढे धरली.

"मी तंबाखू कधी खाल्ली रे?" कौतिक म्हणाला.

छगनची मान खाली गेली. "वहिनी, माफ करा. मन्हं लगीन ठरेल व्हतं. हवालदारनी नाव इचारं, आन तोंडमा कौतिकनंच नाव उनं."

शेवंतानं कौतिककडे पाहिलं. पोर त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. डांग्या खोकल्यानं ती काळीनिळी पडत होती, त्या जत्रेच्या रात्रीही त्यानं तिला असंच याच खांद्यावर घेऊन दारापासून चुलीपर्यंत पहाटेपर्यंत फेऱ्या घातल्या होत्या.

"माफी कसानी, भाऊ?" ती म्हणाली आणि तिनं छगनला हात जोडले. "मी नऊ महिना खरं सांगं, कोनी ऐकं नही. तुम्ही एकदाव खोटं सांगं."