कंट्रोल

दिनांक १४ मार्च २०६१, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. रेणवीय जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेस आठ विद्यार्थी आणि आठ रुग्ण उपस्थित होते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या रुग्णाचे सदोष जनुक संगणकावर शोधून त्यावरचे औषध स्वतः तयार केले होते. औषध मिळाले नाही, तर रुग्ण फार तर तीन महिने जगणार होता. मात्र प्रयोगाच्या नियमानुसार तुलनेसाठी, म्हणजे ‘कंट्रोल’ म्हणून, एका रुग्णाला, त्याला न सांगता, केवळ मिठाचे पाणी टोचायचे होते. चिठ्ठी शर्वाणीच्या रुग्णाची निघाली.

“सर, माझंही औषध तयार आहे. बर्फात ठेवलंय. देऊ द्या ना,” ती हळूच म्हणाली.

“कंट्रोलशिवाय प्रयोग ग्राह्य धरत नाहीत, हे पहिल्याच वर्षी शिकवलंय,” परीक्षक डॉ. उपासनी म्हणाले. “तुम्ही औषध दिलंत, तर संपूर्ण बॅचचा निकाल रद्द होईल. विचारा यांना, चालेल का.”

तिने वळून इतर विद्यार्थ्यांकडे पाहिले.

“नाटकं नकोत हां, शर्वे,” निनाद म्हणाला. “माझी तिसरी खेप आहे.”

बाकीच्यांनी आपापल्या सिरिंज भरायला घेतल्या.

पडद्याआड तिच्या रुग्ण हौसाबाई लोंढे बाही वर करून बसल्या होत्या. “अगं, थांबलीस का अशी? बिनधास्त टोच. औषध तूच केलंयस ना, मग भीती कसली?”

“हो, मावशी,” शर्वाणी म्हणाली आणि तिने मिठाचे पाणी टोचले. नंतर नियमाप्रमाणे तिने बर्फातील औषध बेसिनमध्ये ओतले.

जूनमध्ये निकाल लागला. उत्तीर्ण विद्यार्थी आठ, हयात रुग्ण सात.