खटका कोणी ओढला

रात्री धावपट्टीवर उतरताना चुकीचा खटका ओढला गेला, चाके मिटली आणि बॉम्बफेकी विमान पोटावर आदळले. वैमानिक थर्केल वाचला. शेजारी बसलेला इंजिनिअर सिरिल गेला.

चौथ्या दिवशी सिरिलचे वडील इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या इस्पितळात आले. थर्केल अंथरुणात चुळबुळत राहिला.

“तीस वर्षं मी रेल्वेत सिग्नलचे खटके ओढतोय,” म्हातारा म्हणाला. “पोरालाही मीच शिकवलं. खरं सांगा साहेब, तो खटका कोणी ओढला?”

“मी.”

म्हाताऱ्याने त्याच्या बँडेजमधल्या उजव्या हाताकडे पाहिले. “याच हाताने? यात तर जर्मनीवर उडतानाच गोळी घुसली होती म्हणे.”

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर चढवली.

“सिरिलची आई बाहेर बसलीय. तिलाही असंच सांगा. फक्त हात पांघरुणाखाली ठेवा.”