इस्पिकची राणी

इस्पिकची राणी निघाली आणि ऋषिराज जराही न अडखळता म्हणाला, "दाराशी एक म्हातारी बसलीय."

कराडच्या त्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी हा खेळ चाले. पत्ते खरे, पण रमी नाही की तीनपत्ती नाही. शिवतेज आणि उत्कर्षा खजिना शोधणारे शिलेदार, आणि ऋषिराज किल्लेदार. वाटेवर, दारात, जिन्यात एकेक पान उलटायचं. बदाम म्हणजे मदत, किलवर म्हणजे अडचण, इस्पिक म्हणजे धोका, चौकट म्हणजे धन. पुढ्यात काय उभं राहिलं ते किल्लेदारानं तिथल्या तिथं रचून सांगायचं.

कॉलेजात ऋषिराज बोलायला उभा राहिला की पहिल्याच शब्दाला अडे आणि मागच्या बाकावर खसखस पिके. या खोलीत मात्र दोघं त्याच्या तोंडाकडे बघत बसत. आठवडाभर तो रविवारची वाट बघायचा. हे हातचं जाऊ नये एवढंच त्याला वाटे.

"सुचतं कसं रे तुला?" उत्कर्षा विचारायची. ऋषिराज नुसता हसायचा. गुपित फुटलं तर किल्लेदारी गेली.

म्हातारीपाशी शिवतेज थांबला. या गड्याला नकला छान जमायच्या. प्राचार्यांपासून ऋषिराजच्या अडखळण्यापर्यंत सगळ्यांचा आवाज काढायचा. त्या दिवशी तो केस बारीक कापून आला होता आणि उत्कर्षानं त्याला ऋषिराजचा जुळा भाऊ ठरवून टाकलं होतं.

"म्हातारीला दिसतंय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग घरचा माणूस कसा वळखती?"

"पाया पडून 'आज्जे, मी गं' म्हणतो. ती डोक्यावरून हात फिरवते आणि सोडते."

शिवतेज खोलीतल्या उशीच्या पाया पडला, अगदी ऋषिराजच्या आवाजात, 'आज्जे'वर अडखळत. उत्कर्षा हसून लोळली. ऋषिराजलाही हसू आवरेना. आपल्या खेळात कुणी एवढा जीव ओततंय याचंच त्याला कौतुक.

पुढचं पान बदामाचा एक्का. ऋषिराजनं सांगितलं, आज पालखी आहे, सगळा किल्ला पालखीमागं गेलाय, आणि पालखीच्या दिवशी दाराला कडी घालायची नाही अशी तिथली रीत आहे. मग किलवरची सत्ती, म्हणजे भुंकणारं कुत्रं. गुळाचा खडा टाकला की गप्प. शेवटी चौकटचा राजा. खजिना ज्वारीच्या कोठीत, तळाशी.

"जितलो गड्या," शिवतेज म्हणाला आणि पत्ते गोळा करून त्यानंच नीट रचून ठेवले.

त्याच आठवड्यात गावाकडून, वडूजहून ऋषिराजच्या आईचा फोन आला. बुधवारी पालखी होती, महिन्यावर त्याच्या थोरल्या बहिणीचं, प्रियदर्शनीचं लग्न. ताईच्या साखरपुड्याला घरी येऊन गेलेल्या शिवतेजलाही घेऊन ये, असं तिनं बजावलं. ऋषिराजची गुरुवारी प्रॅक्टिकल परीक्षा. शिवतेज म्हणाला, आजोबा आजारी आहेत, मला पलूसला जावं लागतंय. बुधवारी दिवसभर ऋषिराज खोलीवर एकटाच वाचत बसला.

संध्याकाळी वडिलांचा, नानासोंचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ताईचं दागिनं गेलं रं. आमी समदी पालखीमागं हुतो. कोठीतनं काढून न्हेलं."

कुत्रं भुंकलं नाही का, हे ऋषिराजनं विचारलंच नाही. अंगणात गुळाचा खडा सापडला असणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं शिवतेजला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मिळेल त्या गाडीनं तो वडूजला निघाला. जाताच सगळं सांगून टाकायचं, असं त्यानं वाटेत ठरवलं. कितीही लाज वाटली तरी शिवतेजचं नाव घ्यायचं.

घरात हवालदार बसला होता. प्रियदर्शनी भिंतीला टेकून बसलेली, रडून डोळे सुजलेले. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. नानासो उठलेही नाहीत. कुणीच 'आलास' म्हणालं नाही.

"आबा, मला एक सांगायचंय," ऋषिराज वडिलांना म्हणाला.

"आदी आज्जीला भेट," नानासो म्हणाले.

तानुबाई दाराशी तिच्या रोजच्या जागेवर बसली होती. पंधरा वर्षांत तिला काही दिसलं नव्हतं. ऋषिराज खाली वाकला. "आ... आज्जे, मी गं."

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा चेहरा उजळला.

"आलास परत? बरं झालं बाबा. मी कवाधरनं सांगतीया ह्यास्नी, चोरबिर कुणी न्हाई आलं, दुपारी माझा ऋषीच आलता, पाया पडून ताईचं दागिनं घिऊन गेला. सांग की रं ह्यास्नी."