गंजायचं कुणी?

नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या पॉवर प्लांटमध्ये जनरेटरच्या डिझेलची टाकी जमिनीखाली आहे. ती गंजू नये म्हणून शेजारी भंगार लोखंड पुरून, दोघांना वायरीनं जोडून बारीकसा करंट सोडलाय. वायरी सरळ असल्या की गंज भंगाराला खातो आणि टाकी वाचते.

सिस्टिम बसवली त्याच आठवड्यात मी बॉसना म्हटलं, "अहो राजीव, वायरी उलट जोडल्यात असं वाटतंय. एकदा चेक करूया?"

"आसावरी, डॅशबोर्डवर लाइट ग्रीन आहे ना? मग उगाच शंका काढू नकोस."

मी गंजाची इंजिनिअर, पण त्यांची श्रद्धा डॅशबोर्डवर. श्रद्धेपुढे कुणाचं चालतं?

परवा प्लांटमागच्या गवतातून डिझेलचा वास यायला लागला, तेव्हा कुठे खणायची परवानगी मिळाली. टाकीची पार चाळण झाली होती. भंगारावर मात्र गंजाचा नवा ठिपकाही नव्हता.



राजीव खड्ड्यात उतरले, भंगारावरून कौतुकानं हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ! सिस्टिम चालत होती की नाही?"