मिनिटाला पंधरा थेंब

"मिनिटाला पंधरा थेंब, एकही जास्त नाही, हृदय अशक्त आहे," सिस्टर बजावून गेल्या. तो घड्याळ धरून मोजत बसला. पंधरा. पुन्हा पंधरा. आईचे ओठ कोरडे आणि वर सलाइनची बाटली भरलेली. शेतोशेत ठिबकच्या नळ्या टाकण्यात त्याची हयात गेली. थेंबाथेंबानंच मूळ धरतं, हे तो सगळ्यांना पटवायचा; आईलाच कधी पटलं नाही. पाठ वळली की ती मळ्यातला कॉक पूर्ण सोडायची. गेल्या उन्हाळ्यात डाळिंबाची चार झाडं कुजली, तेव्हा तो तिच्यावर नको तेवढा ओरडला होता. "तहान बघवत नाही रे," एवढंच ती म्हणाली होती. तो उठला, बसला, परत उठला. त्याचा अंगठा सलाइनच्या नळीवरचं चाक सैल करायला गेला. तेवढ्यात सुई टोचलेल्या हातानं आईनं त्याचं मनगट धरलं. डोळे किलकिले करत पुटपुटली, "बघवत नाही ना?"