लाल ठिपका

“कितव्या भोकात घालू पिन, आबा?”

शालन हातात पिन धरून यंत्रापाशी उकिडवी बसली होती. गवत कापायचं परदेशी यंत्र ते, मागच्या फळीवर उभं राहून चालवायचं. पात्यांच्या वरच्या बाजूला एकाखाली एक सहा भोकं होती. पिन जितकी खाली, तितकं गवत आखूड. शेजारी इंग्रजी आकडे कोरलेले होते, पण ते दोघांच्याही कामाचे नव्हते.

आबाला उत्तर पाठ होतं. शनिवारी शालन रजेवर होती, तेव्हा फिटर निसारनं त्याला बजावून सांगितलं होतं, “वरनं तिसरं. त्येच्या खाली गेलासा तर हिरवळ सोलून निघंल. शालनआक्कास्नीबी सांगा.”

“सायबाला बारीक लागतंय,” आबा म्हणाला. “तळाच्या भोकात घाल.”

बारा वर्षं दोघं गोकुळ शिरगावच्या त्या कारखान्यापुढची हिरवळ विळ्यानं कापत आली होती. शेजारी शेजारी बसून, एकाच फडक्यातली भाकरी मोडून. शालनच्या हातची चटणी नसली तर आबाला जेवण जात नसे. पण यंत्र आलं आणि मॅनेजर अतुल साहेबांनी सांगून टाकलं, आता माळी एकच. सोमवारी अर्धी हिरवळ शालननं कापायची, मंगळवारी उरलेली आबानं. ज्याचं काम चांगलं, तो राहील. एवढं सांगून साहेब एसीत जाऊन बसले. त्यांचं काय जात होतं!

आबा अठ्ठावन्नचा. गुडघे गेलेले. बाहेर त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. आणि शालन पहिल्याच दिवशी, पाती बंद ठेवून शिकवताना, पदर खोचून फळीवर चढली ती दोरी लावल्यासारखी सरळ रेघ मारून आली. ड्रायव्हर, शिपाई बघत राहिले. आबा मात्र दोनदा गुलाबाच्या वाफ्यात घुसला होता.

शालननं पिन तळाला घातली आणि यंत्र चालू केलं. पहिली फेरी संपायच्या आत तांबडी धूळ उठली. तिनं यंत्र थांबवून हाक मारली.

“आबा, माती उडतीया की वं!”

अजूनही सावरता आलं असतं. नुसता हात वर करायचा होता. त्यानं हात वर केलाही, पण पुढं जा म्हणून.

“पयल्या फेरीला उडतीच. चल फुडं!”

ती गेली. आबा सांगतोय म्हटल्यावर तिनं दुसरा विचारच केला नाही. अर्ध्या तासात अर्धी हिरवळ बोडकी झाली. मुळं वर आली आणि उन्हात पडली.

अतुल साहेब धावत खाली आले. पुढच्या आठवड्यात जर्मनीचे पाहुणे यायचे होते. “तळाच्या भोकात घालायला कुणी सांगितलं?” ते ओरडले.

शालननं आबाकडं पाहिलं. आबा विळ्याची धार बघत होता.

“कुणी न्हाय, सायेब. माझंच चुकलं.”

संध्याकाळी हिशेब घेऊन ती निघाली. आबाला वाटलं, आता ही चार शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “उद्या तुमी तळाच्या भोकात घालू नगासा, आबा. तुमालाबी ठावं नव्हतं, मला कळतंय. म्हणून तुमचं नाव घेतलं न्हाय. दोघांचीबी चूल कशाला इजवायची?”

आबानं मान डोलावली. लाज वाटली का? वाटली. पण लाजेपेक्षा उद्याची धास्ती मोठी होती. ती फाटकाबाहेर पडली तसा तो कारखान्यातल्या पेंटरकडं गेला, काडेपेटीच्या काडीला लाल रंग लावून घेतला आणि वरून तिसऱ्या भोकाशेजारी ठिपका दिला. सकाळी मोजताना गडबड झाली, तर काय करायचं? आता चुकून चालणार नव्हतं.

मंगळवारी त्यानं ठिपका बघून पिन घातली आणि यंत्र बैलगाडीसारखं सावकाश हाकलं. गवत एका उंचीत कापलं गेलं. कुठं माती दिसेना, कुठं झुपका राहिला नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“पाऊण तास! शाबास, आबा. आणि हा ठिपका कसला?”

“त्ये माझं डोस्कं, सायेब,” आबा खुलला. “ठिपका बघायचा, पिन घालायची. मोजायचं न्हाय, वाचायचं न्हाय. येड्यालाबी जमंल.”

साहेबांनी ठिपका वाकून पाहिला. मग फाटकावरच्या सयाजी वॉचमनला बोलावून त्यालाही दाखवला. सयाजीनं डोळे बारीक केले आणि मान हलवली.

“ती बोडकी बाजू आता पार्किंगला घेऊ,” साहेब म्हणाले. “राहिली अर्धी. म्हणजे आठवड्याला पाऊण तासाचं काम. तेवढ्यासाठी वेगळा माळी कशाला? सयाजी दिवसभर बसूनच असतो.”

आबाला ते समजायला वेळ लागला. तो अजून फळीवरच उभा होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आबा, जाता जाता तेवढा ठिपका मोठा करून द्या. सयाजीला जरा कमी दिसतं.”