शिडी

"शिडी सोडायची नाही, मुकादमचाचा," पुण्याहून आलेली डॉक्टर म्हणाली. "आपण नाकेबंदीत अडकलेल्या लोकांसाठी औषधं घेऊन निघालोय. नाकेबंदी त्यांची, वर कसं चढायचं ते त्यांचं ते बघतील."

जहाजाचे सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, इब्राहिम मुकादम कठड्यावरून खाली बघत होते. नाकेबंदी करणाऱ्या नौदलाची रबरी होडी लाटेसरशी जहाजावर आदळत होती आणि पुढचा सैनिक आकड्याचा दोर फेकायच्या तयारीत होता. अशाच दोरावरून निसटलेला एक माणूस दोन बोटींच्या मध्ये चिरडलेला त्यांनी तरुणपणी पाहिला होता.

त्यांनी गाठ सोडली. शिडी खडखडत खाली गेली.

"ही गद्दारी आहे, चाचा."

"असेल. शिव्या नंतर घाला, डॉक्टरीणबाई. आधी शिडीचा हा दोर धरा."

तिने धरला.

सैनिक सुखरूप वर आले आणि जहाज जप्त झालं. पुढे महिनाभर वाद रंगला. नौदल म्हणालं, शिडी सोडली म्हणजे शरणागती. औषधं घेऊन निघालेले कार्यकर्ते म्हणाले, बंदुकीच्या धाकाने सोडायला लावली.

मुकादमांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते एवढंच म्हणाले असते, की त्या दिवशी लाट पुरुषभर उंच होती.